उमेदवारी : मिळालेली आणि केलेली

‘उमेदवार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. उमेद बाळगणारा तो उमेदवार, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मराठी माणसाने मात्र त्याला दोन निराळ्या कामांना जुंपले. जुन्या काळी एखाद्या कचेरीत, पेढीवर किंवा वकिलाच्या दफ्तरी एखादा तरुण बिनपगारी, नाही तर नाममात्र पगारावर कामाला लागे. नकला करणे, टिपणे काढणे, जुन्या फायली शोधून देणे, साहेबांच्या आधी येणे आणि त्यांच्यानंतर जाणे, हा त्याचा दिनक्रम असे. वर्ष-दोन वर्षांनी जागा रिकामी झाली आणि वरिष्ठांची मर्जी असली, तर तो कायम होई. हे जे तो करी त्याला ‘उमेदवारी करणे’ म्हणत. आजही एखादा कारागीर किंवा नट आपल्या उमेदवारीच्या दिवसांविषयी बोलू लागला की त्याला हाच अर्थ अभिप्रेत असतो. निवडणुका आल्या तेव्हा तोच शब्द मतपेटीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसालाही लावण्यात आला. पण क्रियापद बदलले. कचेरीतली उमेदवारी ‘करावी’ लागे. निवडणुकीतली उमेदवारी ‘मिळते’. ती मागता येते, नाकारली जाते, ऐन वेळी कापली जाते, बंडखोरी करून हिसकावताही येते. ती केली असे मात्र कोणी म्हणत नाही.

क्रियापदाच्या या फरकाकडे केवळ भाषेची गंमत म्हणून पाहून चालणार नाही. सत्तेच्या पदावर बसू इच्छिणाऱ्या माणसाने त्या पदासाठी आधी काय करून ठेवलेले असावे, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक व्यवहारातून हळूहळू निघून गेला, याची ती खूण आहे. उमेदवार निवडताना पक्षांच्या बैठकांत चर्चा होते ती ‘निवडून येण्याच्या क्षमते’ची. जातींची बेरीज, खर्च पेलण्याची ऐपत, घराण्याचे नाव आणि हाताशी असलेले कार्यकर्ते यांत ती क्षमता मोजली जाते. निवडून आल्यानंतर काय करण्याची क्षमता आहे, हा विषय त्या बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच असतो.

कायदाही याबाबतीत जवळजवळ मुका आहे. लोकसभा आणि विधानसभेसाठी वय २५ वर्षे, राज्यसभेसाठी ३०, ग्रामपंचायतीसाठी २१; मतदारयादीत नाव; काही अपात्रता नसाव्यात; एवढ्यावर पात्रता संपते. घटना समितीचे काम संपत आले असता, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी समारोपाच्या भाषणात आपल्या दोन खंती बोलून दाखविल्या होत्या. घटना मूळ भारतीय भाषेत तयार झाली नाही, ही एक. दुसरी या विषयाशी थेट निगडित आहे. कायदा राबविणाऱ्यांकडून आपण उच्च पात्रतेची अपेक्षा करतो, पण कायदा करणाऱ्यांकडून निवडून येण्यापलीकडे कशाचीच नाही, ही विसंगती त्यांना डाचत होती. त्यांनी खंत मांडली, पण उपाय सांगितला नाही. आणि तो सांगता येण्यासारखा नव्हताही. प्रौढ मतदानाचे तत्त्व एकदा मान्य केले की राज्य करण्याची परीक्षा घेणारा परीक्षक कोठून आणायचा?

परीक्षक नाही म्हणून अभ्यासच नको, असे मात्र महाराष्ट्रातील एका मास्तराला वाटले नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आज बहुतेकांना गांधीजींचे गुरू म्हणून, नाही तर पुण्यातल्या एखाद्या संस्थेच्या पाटीवर ठाऊक असते. नेमस्त म्हणून त्यांची जी बोळवण झाली ती इतकी पक्की आहे की त्यांच्या तयारीचा तपशील कोणी फारसा पाहत नाही. १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोखले विशीच्या आतच पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. पगार दरमहा ७५ रुपयांच्या घरात. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले, इंग्रजी शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक तयार केले. राजकारणातली त्यांची उमेदवारी सुरू झाली ती न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन १८८७ पासून त्यांच्याकडे आले, आणि रानड्यांसमोर नियमाने बसून सरकारी अहवाल, अंदाजपत्रके, जमाखर्चाची कोष्टके तपासण्याचा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्यात टाळ्या नव्हत्या, हारतुरे नव्हते. शेतसारा किती, मिठावरचा कर किती, लष्करावर खर्च किती, शिक्षणावर किती, हे आकडे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवून त्यांचा अर्थ लावणे, एवढेच काम होते.

या कामात त्यांना आणखी एक गुरू मिळाले होते. गणेश व्यंकटेश जोशी हे त्यांचे नाव. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर म्हणून ते ओळखले जात. सरकारी नोकरीत असल्याने स्वतः व्यासपीठावर येण्याची सोय नव्हती. पण हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाची त्यांच्याइतकी जाण त्या काळी फार थोड्या भारतीयांना होती. गोखले त्यांना पत्रांमागून पत्रे लिहीत, आकडे मागवीत, शंका विचारीत. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे १८९७ मध्ये लंडनला साक्ष देताना गोखल्यांनी उलटतपासणीला जे तोंड दिले, त्यामागे सोलापूरच्या या शिक्षकाचीही मेहनत होती. त्या वेळी गोखले तीस वर्षांचे होते.

आणि त्याच विलायत-वारीत त्यांच्या हातून आयुष्यातली सर्वांत मोठी चूक घडली. पुण्यात प्लेगची साथ सुरू होती, घरझडतीसाठी गोरे सोल्जर लोकांच्या माजघरापर्यंत शिरत होते. पुण्याहून मित्रांची पत्रे गेली. त्यांत सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आणि त्यांपैकी एकीने जीव दिल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ती हकिकत तेथील वृत्तपत्राला सांगितली. मोठी खळबळ उडाली, पार्लमेंटात प्रश्न निघाले. गोखले मुंबईस परतले आणि पुरावा गोळा करू लागले, तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे येईना. दरम्यान रँडचा वध झाला होता, धरपकड सुरू होती, भीतीचे वातावरण होते. आरोप सिद्ध करता येत नाही हे दिसताच गोखल्यांनी वृत्तपत्रांतून संपूर्ण आणि बिनशर्त माफी मागितली. नुसती सरकारची नव्हे, त्या सोल्जरांचीही.

पुण्यात त्यांची छी-थू झाली. माफी इतकी सपशेल असायला हवी होती का, यावर तेव्हा वाद झाला आणि तो वाद अगदी निराधार नव्हता. प्लेगच्या बंदोबस्तात जुलूम झालाच नाही असे नव्हे. एक विशिष्ट आरोप सिद्ध होत नव्हता, इतकेच. तथापि या प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला गेला’ हे वाक्य आज जवळजवळ प्रत्येक पुढाऱ्याच्या खिशात तयार असते. गोखल्यांना ते वापरणे अवघड नव्हते. पत्र लिहिणाऱ्या मित्रांची नावे जाहीर करूनही ते स्वतःची सुटका करून घेऊ शकले असते. त्यांनी यातले काहीच केले नाही. जे बोललो ते आपण बोललो, त्याचा पुरावा आपल्याजवळ नाही, तेव्हा ते मागे घेणे आपल्यालाच भाग आहे, असा तो सरळ हिशेब होता. त्या वर्षअखेरीच्या अमरावती काँग्रेसमध्ये त्यांच्याविषयी नाराजी होती. हा माणूस सार्वजनिक जीवनातून संपला, असे अनेकांनी धरले.

दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मुंबई कायदेकौन्सिलवर निवडून आले. १९०१ अखेर वरिष्ठ कायदेमंडळात गेले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, त्यात आवेश जवळजवळ नव्हताच. अर्थमंत्री शिलकीचा अर्थसंकल्प मांडून समाधान व्यक्त करीत असताना गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले आणि विचारले की दुष्काळाने देश पोळलेला असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ भरभराट की गरजेपेक्षा जास्त कर? त्याही भाषणाची तयारी जोशी हेडमास्तरांच्या सल्ल्याने झाली होती. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या सभागृहात मताधिक्य कायमचे सरकारच्या बाजूला होते, तेथे बोलण्यासाठी उठलेल्या माणसाकडे अर्थमंत्र्याला कान द्यावा लागे, ही गोष्ट लहान नव्हती.

हा सगळा खटाटोप ज्याने स्वतः केला, त्याला वाटले की हे ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडून चालणार नाही. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना झाली. त्या समाजाच्या नियमांतला सर्वांत विलक्षण नियम म्हणजे नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी. त्या काळात त्याने अभ्यास करायचा, देश हिंडायचा, सार्वजनिक प्रश्न जवळून पाहायचे. निर्वाहापुरते वेतन, धर्मभेद-जातिभेद न मानण्याची शपथ, आणि स्वतःसाठी पैसा न मिळविण्याचे बंधन. पदवीधर, बुद्धिमान, बोलायला उत्सुक अशा तरुणाला पाच वर्षे मुख्यतः ऐकायला लावणे ही कल्पनाच आज चमत्कारिक वाटेल. १९१५ मध्ये आफ्रिकेहून आलेल्या गांधीजींनाही गोखल्यांनी हेच सांगितले : वर्षभर देश पाहा, जाहीर मते देऊ नका. आफ्रिकेत वीस वर्षे झगडलेल्या, जगाला नाव माहीत असलेल्या त्या माणसाने ते मानले. गोखले त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला गेले, तरी गांधीजींनी दिलेला शब्द पाळला.

भारत सेवक समाजातून किती नेते झाले, असा प्रश्न विचारला तर उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावे लागते. नारायण मल्हार जोशी हे शाळामास्तर १९०९ मध्ये समाजात आले आणि भारतीय कामगार चळवळीचे आद्य संघटक झाले. १९२० मध्ये आयटक स्थापन होण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने कितीतरी वर्षे ते अभ्यासाने बोलत राहिले. ठक्करबाप्पा १९१४ मध्ये आले आणि आदिवासी व हरिजनांच्या सेवेत आयुष्य घालविते झाले. पण लोकांची मने ज्यांनी जिंकली ते नेते या घरातून बाहेर पडले नाहीत. टिळकांमागे जसा गिरणगाव उभा राहिला तसा गोखल्यांमागे कधीच उभा राहिला नाही. टिळकांचा अभ्यास कमी होता असे नव्हे. त्यांच्या अभ्यासाला लोकांच्या रागाची भाषा येत होती. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक, ज्यासाठी त्यांनी देशभर पायपीट केली, मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. तयारी संपूर्ण होती, पण तिच्यामागे रस्त्यावर उतरणारे लोक नव्हते. नुसत्या व्यासंगावर नेतृत्व उभे राहत नाही, ही गोष्ट गोखल्यांच्या चरित्रातच लिहिलेली आहे.

याहून गंभीर असा आक्षेप दुसरीकडून येतो, आणि तो ऐकून घेतल्याशिवाय या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘तुमची तयारी झालेली नाही’ हे वाक्य इतिहासात बहुधा दार बंद करण्यासाठीच उच्चारले गेले आहे. हिंदी लोक स्वराज्याला पात्र नाहीत, असे इंग्रज सांगत. बहुजनांना राज्यकारभार कळायचा नाही, असे पांढरपेशे म्हणत. स्त्रियांना सरपंचाची खुर्ची पेलवणार नाही, असे त्यांचेच नवरे आणि दीर सांगत आले. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली, सर्वसाधारण पुरुषांना दहावीची आणि स्त्रिया व दलितांना त्याहून थोडी सैल, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. राजस्थानने अशीच अट आणली होती. २०१९ मध्ये ती काढून टाकली. महाराष्ट्रातही २०१७ मध्ये थेट सरपंच निवडीबरोबर १९९५ नंतर जन्मलेल्यांसाठी सातवी उत्तीर्णतेची अट आली. मौज अशी की हे कायदे करणाऱ्या आमदारांना स्वतःला मात्र शिक्षणाची कसलीही अट नाही. ज्या गावात शाळा पोहोचविण्यात राज्य कमी पडले, त्या गावातल्या बाईला शाळा न शिकल्याची शिक्षा, असा हा न्याय आहे.

महाराष्ट्राला तरी ही गल्लत शोभत नाही. वसंतदादा पाटलांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. जुलै १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडताना त्यांना गोळी लागली. पुढे त्यांनी सांगलीला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. त्यांची तयारी नव्हती असे कोण म्हणेल? फक्त ती प्रशस्तिपत्रकात मावणारी नव्हती. हजारो शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करायचे, बँकेशी, सरकारशी, ऊसतोड कामगाराशी आणि यंत्रपुरवठादाराशी एकाच आठवड्यात बोलायचे, आणि वार्षिक सभेत सभासदांच्या शिव्या खात ताळेबंद मंजूर करून घ्यायचा, यालाही उमेदवारीच म्हणतात. मृणाल गोरे गोरेगावात पाण्याच्या नळांचे, झोपड्यांचे, संडासांचे प्रश्न लढवीत १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत गेल्या. कोणत्या वस्तीला पाणी येत नाही आणि का येत नाही, हे त्यांना जलखात्याच्या अभियंत्यांइतके ठाऊक असे. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ती पदवी विधानसभेत आणि लोकसभेतही त्यांच्याबरोबर गेली.

बाबासाहेब आंबेडकरांनी या दोन्ही बाजू एकाच वेळी ओळखल्या होत्या. पात्रतेच्या नावाखाली दार लावणाऱ्यांशी त्यांनी जन्मभर झगडा केला. प्रौढ मतदानाचा आग्रह त्यांनी अगदी सुरुवातीपासून धरला. पण दार उघडल्यावर आत जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, याविषयी ते तितकेच कठोर होते. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, जुलै १९५६ मध्ये, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा सुरू केली. संसदीय कामकाज, अर्थकारण, वक्तृत्व असे विषय तेथे शिकविले जावेत अशी योजना होती. त्या डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि पुढच्या वर्षी शाळाही बंद पडली. तिची पहिली तुकडी तीच शेवटची ठरली. त्यांच्या नावाने पक्ष निघाले, फुटले, पुन्हा निघाले. ती शाळा मात्र कोणी पुन्हा उघडली नाही. तेव्हापासूनच्या सत्तर वर्षांत महाराष्ट्रात लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणाच्या संस्था झाल्या. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ पासून आहे, यशदात निवडून आलेल्या सरपंच-सदस्यांचे वर्ग भरतात. पण हे वर्ग बहुधा निवडून आल्यानंतरचे. आधी लग्न आणि मग पत्रिका, असा हा प्रकार.

खरी शाळा महाराष्ट्राने वेगळ्याच ठिकाणी काढली होती. वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालावरून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आमदार-खासदारांना या परिषदांबाहेर ठेवावे, हा त्यातला निर्णय फार दूरदृष्टीचा होता. वडाच्या सावलीत झाड वाढत नाही, हे त्या समितीने ओळखले. शाळा, दवाखाने, पाझर तलाव, रस्ते यांचा कारभार एका फटक्यात हजारो ग्रामीण माणसांच्या हाती आला. ठराव कसा मांडतात, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याशी मतभेद कसा नोंदवितात, निविदा म्हणजे काय, खर्ची न पडलेली रक्कम मार्चअखेर कोठे जाते, हे त्यांना तेथे कळले. बाभळगावचे सरपंचपद, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढत विलासराव देशमुख १९८० मध्ये विधानसभेत गेले आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. आर. आर. पाटील १९७९ पासून अकरा वर्षे सांगली जिल्हा परिषदेत होते. ग्रामविकासमंत्री झाल्यावर २००० साली त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, त्यात त्या अकरा वर्षांचा अनुभव स्पष्ट दिसतो. गावकरी कशाने हलतो, हे त्यांना कोणी अहवालातून सांगितलेले नव्हते. अर्थात शाळेत सर्वच प्रश्न येत नाहीत. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या दोघांनाही पदे सोडावी लागली. एकाला एका वाक्यापायी, दुसऱ्याला एका भेटीपायी. तशा रात्रीची उमेदवारी कोणत्याच जिल्हा परिषदेत होत नाही.

१९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना स्थानिक संस्थांत एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्यावर नेल्या. ‘सरपंचपती’ नावाचा प्राणी त्यातून जन्मला, हे खरे. पण पहिल्या ग्रामसभेत पदराआड बसलेली बाई पाचव्या वर्षी ग्रामसेवकाला पावतीपुस्तक दाखवायला सांगते, असेही अनेक गावांनी पाहिले आहे. पदावर बसूनच ती शिकली. तेव्हा तयारी ही पदाच्या आधीच पुरी झालेली असावी, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. शिकण्याची जागा आणि शिकायला वेळ मात्र हवा.

नेमकी तीच जागा काही वर्षे बंद होती. आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुका लांबल्या. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. बहुसंख्य महापालिका आणि जिल्हा परिषदांची तीच गत झाली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या काळात कामे अडली की चालली, यावर दोन मते आहेत. प्रशासकाच्या काळात फायली लवकर हलतात, असे काही नागरिक समाधानाने सांगतानाही आढळले. पण हिशेब आणखी एक आहे. स्थायी समितीत विरोधी बाकावर बसून अंदाजपत्रकाचा जाड ग्रंथ प्रथमच उघडणारा तरुण नगरसेवक, पाणीपट्टीच्या दरावरून आयुक्तांशी हुज्जत घालणारी नवी सदस्या, पडलेला ठराव दुसऱ्या वर्षी सुधारून पुन्हा आणणारा कोणी हट्टी माणूस, अशांची एक पिढी या वर्षांत घडलीच नाही. जे हौशी होते ते दरम्यान फलक लावीत, वाढदिवस साजरे करीत आणि नेत्यांच्या गाड्यांमागे धावत राहिले. करण्याजोगी दुसरी उमेदवारी त्यांना उपलब्धच नव्हती.

मतदाराला यात काय करता येईल? पदवी विचारून उपयोग नाही, हे वर आलेच. पण दारात मत मागायला आलेल्या माणसाला एखादा साधा प्रश्न विचारता येतो. वॉर्डातला हा रस्ता महापालिकेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा? गावाला वित्त आयोगाचे किती पैसे आले आणि ते कशावर खर्ची पडले? गेल्या अंदाजपत्रकातली कोणती तरतूद चुकीची वाटली? उत्तर बरोबरच यावे असे नाही. ‘ठाऊक नाही, पाहून सांगतो’ असे म्हणून जो दोन दिवसांनी खरोखर पाहून सांगायला येतो, त्याच्यात उमेदवारीचा अंश आहे. आणि जो प्रत्येक प्रश्नाला ‘करून टाकू’ असे उत्तर देतो, त्याच्याविषयी मात्र सावध असावे. नकार द्यायला शिकणे ही या व्यवसायातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि परक्याला नकार देण्यापेक्षा आपल्या माणसाला देणे कितीतरी अवघड.

निवडणूक जाहीर झाली की मास्तर आणि कारकून मंडळींना तिच्या कामाला जुंपले जाते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलाशी त्यांच्यापैकीच कोणी बसलेला असतो. बाहेर ढोल वाजत असतात, गुलाल उडत असतो. आत उमेदवार प्रतिज्ञापत्र पुढे करतो. मालमत्ता किती, कर्ज किती, फौजदारी खटले किती, शिक्षण काय, हे सारे आता लिहून द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांनी ते बंधनकारक झाले. २०१३ च्या निर्णयानंतर रकाना कोरा ठेवला तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. कारकून पानावर पान उलटतो, एखाद्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून तो भरायला सांगतो. उमेदवाराच्या सोबत आलेला वकील घाईघाईने ‘निरंक’ असा शब्द लिहितो, उमेदवार खाली सही करतो, आणि पुढचा माणूस आत येतो.